घाटापेक्षा माळ अवघड

मराठी मुलखात सायकलस्वाराचा दम घाटात जोखतात. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ असा वेगळा मान मिळतो. पुढे पुण्यात पहिला कोण आला, ही बातमी निराळी. त्याच शर्यतीत सपाटीवर कोणी किती वारा अंगावर घेतला, याची नोंद कोणी ठेवत नाही. माळाचा राजा असा किताबच नाही. लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास उलगडून पाहिला, तर मात्र माणसाचा कस चढापेक्षा उघड्या सपाटीवर जास्त लागलेला दिसतो.

ही गोष्ट सांगायला बिद्री हे गाव सोयीचं आहे. कागल तालुक्यातलं हे गाव कोल्हापूर–गारगोटी रस्त्यावर, दूधगंगेच्या खोऱ्यात वसलेलं. थोडं पुढे गेलं की मुदाळ तिट्टा लागतो. तिथून पश्चिमेला वळलं की राधानगरी, दाजीपूरचं जंगल आणि फोंडा घाट. पूर्वेला वळलं की मुरगूड, निपाणी आणि पुढे दख्खनचं उघडं पठार. एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला माळ. पावसाच्या आकड्यांतही हा फरक दिसतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, कोल्हापुरात हजाराच्या आसपास आणि सांगोला–आटपाडीकडे जेमतेम पाचशेच्या घरात. मोटारीत बसलेल्याला हे कळत नाही. सायकलवाल्याला कळतं: सकाळी दोन्ही हातांना ऊस, दुपारी ज्वारीची ताटं, आणि उन्हं कलताना कुसळी गवत, बाभळी आणि मेंढरं.

मेंढरांचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. या माळांवरचे पहिले लांब पल्ल्याचे प्रवासी धनगर. तिट्ट्यालगतच्या आदमापुरात बाळूमामांचं (१८९२–१९६६) देऊळ आहे. मामांचा जन्म अक्कोळचा, म्हणजे आज कर्नाटकात असलेल्या गावचा. आणि त्यांच्या नावाने चालणारे मेंढरांचे बग्गे आजही महाराष्ट्र–कर्नाटकाच्या माळांवर फिरतात. राज्याची सीमा त्यांना कधी आडवी आली नाही. अमेरिकेतल्या प्रेअरीवर गोऱ्या वसाहतवाल्यांच्या गाड्या जाण्याआधी गव्यांचे कळप आणि त्यांच्यामागून मूळ रहिवासी फिरत होते. आपल्या माळावर मेंढरं आणि धनगर. सायकल फार नंतर आली.

बिद्रीच्या भागात सायकल आली ती कामाला. स्वातंत्र्याच्या आधी सायकल म्हणजे रॅले, हंबर, बीएसए, सगळा विलायती माल आणि तोही तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टर–मास्तरांकडे. देशी कारखाने निघाले तेव्हा चित्र पालटलं. मद्रासची टीआय सायकल्स १९४९ची, सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ची, लुधियानाची हिरो १९५६ची. काळा रंग, अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, मागे रुंद कॅरिअर आणि वीस किलोंच्या वर वजन. ही सायकल पळायला बनवलेलीच नव्हती, ओझं वाहायला बनवलेली होती. दूधगंगा–वेदगंगा सहकारी साखर कारखाना, ज्याला सगळा जिल्हा नुसतं ‘बिद्री कारखाना’ म्हणतो, त्याच्या पाळीला निघालेला कामगार डबा हँडलला अडकवून याच सायकलवर जायचा. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचं ‘गोकुळ’, उभा राहिला आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लोंबू लागल्या. हायस्कूलला जाणारी पोरं दांडीवर एक, कॅरिअरवर एक अशी तिघंतिघं. लांबचा प्रवास म्हणून कोणी काही करत नव्हतं. पण दिवसाकाठी पंचवीस–तीस किलोमीटर सायकल मारणारा माणूस गावात सर्रास सापडे. आज एवढी सायकल चालवली तर लोक मोबाइलवर फोटो टाकतात.

सायकल घेणं सगळ्यांना परवडत नव्हतं, म्हणून भाड्याच्या सायकलींची दुकानं चालली. वहीत नाव लिहायचं, वेळ लिहायची, तासाचे पैसे मोजायचे. याच भाड्याच्या सायकलवर दोन पिढ्या शिकल्या. उंची पुरत नसेल तर दांडीखालून पाय घालून, अंग वाकडं करून पायडल मारायचं. गुडघे फुटायचे ते वेगळंच. शहरात सायकलवर कर होता आणि तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. हवा सोडणं ही शिक्षा दंडापेक्षा जड, कारण पंप दुकानातच.

दुकानदाराचं खरं कसब पंक्चर काढताना दिसायचं. ट्यूब बाहेर ओढून तिच्यात हवा भरायची, घमेल्यातल्या पाण्यात इंच इंच बुडवत न्यायची. बुडबुडे जिथे उठतात तिथे बोट दाबून धरायचं, पुसून कोरडं करायचं, काचकागदाने खरवडायचं, सोल्युशन लावून फुंकर मारायची आणि ते थोडं सुकेपर्यंत थांबायचं. नवशिका इथेच घाई करतो आणि ओल्या सोल्युशनवर ठिगळ बसवतो. मग हातोडीने दोनचार ठोके. इतकं झालं तरी काम पुरं होत नाही. जुना कारागीर ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून अंगठा फिरवत नेतो, कारण काटा ट्यूबमध्ये राहत नाही, टायरमध्ये रुतून बसतो. तो तसाच राहिला तर मैलभरात पुन्हा फुस्स. उसाच्या पट्ट्यात पंक्चर क्वचित होतं. माळावर काट्याशिवाय दुसरं काही उगवतच नाही म्हणावं, इतक्यांदा होतं.

मित्रांबरोबर सायकली काढून बाहेरगावी जायची पद्धत या दुकानांतूनच सुरू झाली. कोल्हापूरच्या पोरांना जोतिबा आणि पन्हाळा चढाचे, नरसोबाची वाडी सपाटीची. पहाटे निघायचं, शिदोरीत भाकरी, झुणका आणि कांदा, कोणाच्या तरी सायकलला पंप बांधलेला. चढाच्या सहलीत जो तो आपल्या दमाने वर जातो आणि माथ्यावर सगळ्यांची वाट पाहतो. सपाटीवर तसं चालत नाही. तिथे टोळी एकत्र राहिली तरच पोचते, आणि याचं कारण वारा.

ताशी वीस किलोमीटरने चाललेल्या माणसाला समोरून ताशी वीसचाच वारा लागला, तर हवेचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. घाटाचा चढ डोळ्यांना दिसतो, वळणं मोजता येतात, माथा आला की उतार मिळतो. वाऱ्याला माथा नसतो. पण पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चाललं, तर मागच्याची मेहनत चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाने वाचते. म्हणून टोळीत पाळीपाळीने पुढे यायचं असतं. पुढचा दमला की बाजूला होऊन शेवटाला जातो, दुसरा वारा घेतो. जो मागेच लपून राहतो त्याची अब्रू पहिल्या चहालाच जाते. मैत्रीची इतकी रोखठोक परीक्षा घाट घेत नाही.

या देशातला लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाचा पहिला मोठा अध्याय मुंबईचा. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईतून जगप्रवासाला निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया. हे सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबातले, म्हणजे अंगात रग असलेले. सायकली रॉयल बेन्सन बनावटीच्या. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, युरोप, इंग्लंड, अमेरिका, जपान, चीन आणि ब्रह्मदेश असा फेरा घालून १८ मार्च १९२८ला ते मुंबईत परतले, पण परतले तिघेच: हकीम, बापासोला आणि भूमगरा. बाकीच्यांपैकी एकजण तेहरानमधूनच माघारी फिरला, एक अमेरिकेत राहिला. एकूण अंतर ७१,००० किलोमीटर. पुढे त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली.

आल्प्स चढून गेल्याची शान सगळेच सांगतात. पण त्या प्रवासातला खरा अवघड टप्पा बगदाद ते अलेप्पो या ९५६ किलोमीटरच्या वाळवंटी सपाटीचा होता. त्याला २३ दिवस लागले, म्हणजे दिवसाला सरासरी बेचाळीस किलोमीटरही नाहीत. बिद्रीचा दूधवाला किटल्या घेऊन त्याच्या जवळपास जात असे. उलट अमेरिकेत याच माणसांनी पाच महिन्यांत ८,४०० किलोमीटर कापले. रस्ता असला, पाणी असलं तर सपाटी माणसाला धावू देते. दोन्ही नसली तर आल्प्सपेक्षा जास्त छळते. त्यांच्या मागोमाग १९२४ साली फ्रामरोझ दावर निघाले. व्हिएन्नात भेटलेल्या गुस्ताव स्टाव्हयानिक या ऑस्ट्रियन साथीदाराबरोबर त्यांनी सहारा ओलांडलं. दोघांनीच, आणि तेही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात! पाठ्यपुस्तकात या माणसांचा धडा असायला हवा होता. नाही.

मराठी माणसाच्या पुढाकाराने निघालेला सर्वांत गाजलेला सायकलप्रवास मात्र खेळासाठी नव्हता. २४ डिसेंबर १९८५ला, साने गुरुजींच्या जन्मदिवशी, बाबा आमटे यांचं ‘भारत जोडो’ कन्याकुमारीहून निघालं. बरोबर ११६ तरुण–तरुणी, त्यांत सोळा मुली. मणक्याच्या दुखण्याने बाबांना बसणं अशक्य होतं, म्हणून ते गाडीत आडवे पडून चालले आणि पोरं सायकलींवर. पंजाब पेटलेला, इंदिरा गांधींच्या हत्येला वर्ष उलटलेलं, आणि हे काश्मीरकडे निघाले होते. एकूण पल्ला ५,०४२ किलोमीटर. सरळ रस्त्याने कन्याकुमारी–काश्मीर अंतर चार हजारांच्या आत आहे. वरचे हजारेक किलोमीटर म्हणजे वाकड्या वाटेने जाऊन गाठलेली गावं. शंभराहून जास्त माणसांचा तांडा रोज पुढे नेणं हे एकट्याने विक्रम करण्यापेक्षा कठीण काम. कोणाची चेन तुटते, कोणाला ताप येतो, आणि सगळ्यांचा वेग शेवटच्या माणसाचा असतो. या यात्रेवर भाषणं पुष्कळ झाली. पंक्चर कोण काढत होतं यावर कोणी तरी लिहायला हवं.

घाट–माळ हा वाद मराठी माणसांनी प्रत्यक्ष प्रेअरीवर जाऊनही तपासला आहे. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत १९८२ साली सुरू झाली. मराठी सायकलस्वार उतरले त्या वर्षांत ती कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून निघत असे आणि पूर्व किनाऱ्यावरच्या अ‍ॅनापोलिसला संपत असे, सुमारे ४,८०० किलोमीटर. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ दोघांच्या गटात उतरले आणि ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पोचले. ही शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय गट. २०१७ला एकट्याच्या गटात लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ, दोघेही बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पोचले. वाटेत रॉकी पर्वताची तीन हजार मीटरवरची खिंड येते आणि ती उतरल्यावर कॅन्सस.

कॅन्ससची आडवी लांबी सहाशे किलोमीटरच्या वर. पाहणाऱ्याला ते परातीसारखं सपाट वाटतं, प्रत्यक्षात पश्चिम टोक समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरवर आणि पूर्व टोक अडीचशेच्या आसपास आहे. म्हणजे पूर्वेला जाणाऱ्याला सगळा उतारच, तोही इतका मंद की पायाला त्याचा पत्ता लागत नाही. लागतो तो वारा. जूनमध्ये तो दक्षिणेकडून येतो, रस्ता पूर्वेला जातो, त्यामुळे सायकल दिवसभर एका अंगाला झुकवून चालवावी लागते. एकट्याच्या गटात दुसऱ्याच्या मागे लपायला नियमाने बंदी. रस्ता सरळ, धान्याची उंच कोठारं दहा–पंधरा किलोमीटरांवरून दिसायला लागतात आणि तास गेला तरी जवळ येत नाहीत. झोप इथे येते. चढावर झोप येत नाही, हे कुठल्याही ट्रकचालकाला विचारावं.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली विशीत असताना १५९ दिवसांत २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही बहुतांशी एकटीने. स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटलं, कॅनडात अस्वल मागे लागलं. लोकांना या दोन घटना आठवतात. पण त्याच कॅनडातल्या प्रेअरीवरून जाताना मागे लागायला अस्वलही नसतं.

प्रेअरी म्हणून जे जग ओळखतं ते आज फारसं उरलेलं नाही. १८३७ साली जॉन डीअर याने पोलादी नांगर काढला, गवताची गच्च मुळं फाटली, आणि उंच गवताच्या प्रेअरीचा आता शेकडा चारही भाग शिल्लक नाही; बाकी मका आणि गहू. आपल्या माळाची कहाणी फार वेगळी नाही. सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक जमीन. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ला झालं, तोवर गवत आक्रसत चाललेलं होतं. म्हैसाळ आणि टेंभूच्या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी कवठेमहांकाळ, आटपाडी, सांगोल्यापर्यंत नेलं, आणि जिथे कुसळी होती तिथे द्राक्ष आणि डाळिंब आलं. शेतकऱ्याला हे हवंच होतं, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. सायकलवाल्याला सावली मिळाली. मेंढराला चारा उरला नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे तशीच आहे: सराटा. जमिनीलगत पसरणारी पिवळ्या फुलांची वेल, फळ पिकलं की पाच फाकांत फुटतं आणि कशीही पडली तरी प्रत्येक फाकेचा एक काटा वरच राहतो. आपल्याकडे वैद्य त्याला गोखरू म्हणून औषधात घालतात. हीच वनस्पती जुन्या जगातून अमेरिकेत गेली आणि पश्चिमेकडच्या सायकलवाल्यांच्या टायरांची वैरीण झाली. आयडाहोतल्या बोईसी शहरात तर सराटे उपटून गोळा करण्याचा उत्सवच भरतो, सायकलींची मिरवणूक निघते. माणदेशात असा उत्सव काढला तर वर्षभर पुरेल.

बिद्रीहून माळ अनुभवायचा असेल तर पंढरपूरचा रस्ता सर्वांत चांगला. मुरगूड, कागल, इचलकरंजी, मिरज असं जायचं. मिरजेपर्यंत ऊस, नदी आणि चहाच्या टपऱ्या. तिथून पुढे कवठेमहांकाळ, जुनोनी, सांगोला. एकूण अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. काळ्या सायकलवर दोन दिवस, गिअरच्या सायकलवर पहाटे निघालेली तयारीची टोळी दिवेलागणीला पोचते. कवठेमहांकाळ सोडलं की ढालगावच्या बाजूला पवनचक्क्या दिसायला लागतात. इथे वारा किती आहे याचा हिशेब कंपन्यांनी आधीच करून ठेवलेला आहे. सांगोल्याच्या अलीकडे झाड शोधावं लागतं. आषाढात हा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे वारीला जाताना पाठीवर. ताशी तीसने सायकल आपोआप पळते आणि प्रत्येकाला आपण फार तयारीचे आहोत असं वाटू लागतं. खरा हिशेब परतीला होतो. तोच वारा छातीवर, तोंडात धूळ, आणि जाताना फुशारकी मारणारे मुकाट्याने दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटतात.

म्हणून जाणाऱ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. गळीत हंगामात, दिवाळी ते मार्च, मिरजेपर्यंतच्या रस्त्यावर अंधारात सायकल काढू नये. दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे पुष्कळदा दिवा नसतो, आणि साखर कारखान्यांनी गेटवरच रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली परत पाठवली तर किती तरी जीव वाचतील. माळाला लागण्याआधी पाणी दुप्पट घ्यावं. दोन जादा ट्यूब ठेवाव्या आणि टायरच्या आतून अंगठा फिरवायला विसरू नये. आषाढात गेलात आणि परतीच्या वाऱ्याशी भांडायची इच्छा नसली, तर पंढरपूरहून मिरजेला रेल्वे आहे. १९२७ साली बार्शी लाइटची अरुंद गाडी मिरजेपर्यंत आली, आता ती रुंद झाली आहे, आणि सायकल लगेजात रीतसर बुक करता येते.